रेफर केलंय, पण फोन येत नाही

वाचकांचे आरोग्यप्रश्न. उत्तरं देणाऱ्या लेखिका निवृत्त परिसेविका असून त्यांची सगळी नोकरी कोकणातल्या सरकारी रुग्णालयांत झाली.

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. माझ्या थोरल्या जाऊबाई ४१ वर्षांच्या आहेत, काजूच्या फॅक्टरीत कामाला जातात. गेल्या पावसाळ्यापासून घाटी चढताना त्यांना धाप लागते. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का ते विचारलं, ईसीजी काढला. ‘झडपेचा त्रास वाटतो, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा’ म्हणून मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली. तिथे कळलं की इको करणारे डॉक्टर आठवड्यातून एकाच दिवशी येतात आणि पुढचे नंबर भरलेत. नाव लिहून घेतलं, ‘फोन करू’ म्हणाले. थोरल्या दिरांचा नंबर दिला, ते ट्रॉलरवर असतात. गणपतीनंतर गेलो होतो, आता शिमगा आला, फोन नाही. सासूबाई म्हणतात, सारखं विचारायला गेलं तर ते चिडतील आणि आपलं नाव मागे टाकतील. जाऊबाई हल्ली रात्री दोन उशा घेऊन झोपतात. काय करू?
– एक वाचक भगिनी, खाडीकाठचं गाव

उत्तर : ताई, मी तुमच्या पत्रातल्या उशांच्या ओळीवर थांबले. चढताना धाप लागणं वेगळं आणि आडवं पडल्यावर श्वास कोंडणं वेगळं. चिठ्ठी लिहिली तेव्हा जाऊबाई एका उशीवर झोपत असतील, आज झोपू शकत नाहीत. मोठ्या रुग्णालयाच्या वहीत मात्र अजून घाटी चढताना दमणाऱ्या बाईचंच नाव आहे. दुखणं पुढे गेलंय हे तिथे कुणाला माहीतच नाही. म्हणून फोनची वाट बघणं थांबवा आणि ज्यांनी चिठ्ठी दिली त्यांच्याकडेच जाऊबाईंना घेऊन परत जा. उत्तर छापून येईपर्यंत वेळ जातो, म्हणून एवढं मी तुम्हाला फोनवर आधीच सांगितलंय. बाकीचं सविस्तर लिहिते, कारण अशी चिठ्ठी घेऊन बसलेली घरं आपल्याकडे बरीच आहेत.

आधी धोक्याचं सांगते. रात्री गुदमरून उठून बसावं लागलं, खोकल्यातून फेस किंवा रक्त आलं, छातीत एकसारखं अनियमित धडधडू लागलं, चक्कर येऊन पडल्या, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर चिठ्ठी नाही, नंबर नाही, सरळ १०८. गाडी येईपर्यंत धाप लागलेल्या माणसाला झोपवू नका, पाठीला आधार देऊन बसवून ठेवा.

आता झडपेबद्दल. लहानपणी स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूने घसा सुजतो आणि काही मुलांना त्यानंतर संधिवाताचा ताप येतो. जंतूशी लढणारी शरीराची शक्ती हृदयाच्या झडपांवरच उलटते. झडप जाड होत जाते, पुरती उघडत नाही. खारबंदिस्तीच्या उघाडीची, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची, फळी अडकली की पाणी मागे शेतात तुंबतं, तसं रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं. वर्षानुवर्षं काही कळत नाही आणि मग बाळंतपणात किंवा तिशी-चाळिशीत धाप सुरू होते. नळी लावून डॉक्टरांना कळतं की झडपेत काहीतरी आहे. ती किती अरुंद झालीय, हृदयाचा कप्पा किती फुगलाय, हे इकोच सांगतो. काहींना औषधांवर ठेवता येतं, काहींची झडप मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन रुंद करतात, काहींची बदलावी लागते. हे सगळं इकोवर अडलेलं असतं, म्हणून ही तारीख ‘मिळेल तेव्हा मिळेल’ म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

फोन का आला नाही, याचं एक कारण तुमच्या पत्रातच असावं. दीर ट्रॉलरवर असतात. बोट समुद्रात लांब गेली की मोबाइलला रेंज नाही. फोन लागला नाही तर हातातली यादी घेऊन बसलेला कर्मचारी पुढच्या नावाकडे वळतो. मासेमारीबंदी १ जूनला लागते, तोवर दीर किनाऱ्यावर सापडायचे नाहीत. मोठ्या रुग्णालयात जाल तेव्हा वहीत दोन नंबर लिहायला सांगा, एक तुमचा आणि एक शेजारचा किंवा आशाताईंचा. लिहिताना समोर उभ्या राहा, आकडे वाचून घ्या.

वही बघायला मागायचा संकोच करू नका. ओपीडीत माझी ड्यूटी असताना एक मासे विकणाऱ्या आजी आल्या होत्या, कडेला रिकामी पाटी, पदराच्या गाठीत केसपेपरची चौकोनी घडी. लांबलचक तक्रार नाही की रडणं नाही. टेबलाशी येऊन एवढंच म्हणाल्या, ‘बाय, माझा नाव खंय लिवलंस ता माका दाखव.’ मी रजिस्टर उघडलं. नाव होतं, पण पुढचा तारखेचा रकाना कोरा होता. त्यांच्यासमोरच भरला. अनेकांचं अडतं ते या कोऱ्या रकान्यात. चिठ्ठी मिळाली म्हणजे नंबर लागला असं आपण धरतो. प्रत्यक्षात नंबर लागतो तो तारीख पडल्यावर. म्हणून ‘कधी होईल?’ एवढंच विचारून परतू नका. नाव कुठल्या वहीत, कितव्या क्रमांकावर आहे, तारीख कोणती, वही कोण सांभाळतं, हे विचारा आणि केसपेपरच्या मागे तिथल्या तिथे लिहून घ्या.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांची भीती मला कळते, कारण वर्षानुवर्षं आपली माणसं सरकारी टेबलासमोर दबूनच उभी राहत आलीत. पण टेबलाच्या पलीकडे बसून सांगते, चौकशी करतो म्हणून नाव मागे टाकायला कुणाला वेळ नसतो. उलट जो विचारत नाही तो बरा झाला असेल, खासगीत गेला असेल, असं समजलं जातं. ओपीडी भरलेली असताना सकाळी विचाराल तर घाईत उत्तर मिळेल. गर्दी ओसरल्यावर विचारा किंवा इकोचे डॉक्टर ज्या दिवशी येतात त्याच दिवशी जाऊबाईंना घेऊन वस्तीच्या एसटीने पहाटे निघा. त्या दिवशी गैरहजर राहणारे असतात, त्यांच्या जागी घेतात. आवाज चढवू नका, पण उत्तर मिळाल्याशिवाय टेबल सोडू नका.

या सगळ्याहून जास्त उपयोगी पडतो तो एका डॉक्टरचा दुसऱ्याला फोन. ग्रामीण रुग्णालयात परत गेलात की पहिलं वाक्य उशांचं बोला. ‘आधी चढताना धाप लागायची, आता आडवं पडल्यावर लागते, दोन उशा लागतात.’ पाय सुजत असतील तर तेही. मग नवी चिठ्ठी मागा, त्यावर आजची तारीख, आजची लक्षणं आणि ‘तातडीने’ हा शब्द लिहून घ्या, आणि डॉक्टरांना विनंती करा की तिकडच्या फिजिशियनशी एकदा बोला. आठवडाभर अडलेलं काम पाच मिनिटांच्या अशा बोलण्याने मार्गी लागताना मी पाहिलंय. तपासून त्यांना दाखल करावंसं वाटलं तर ‘घरी विचारून येतो’ म्हणू नका. दाखल रुग्णाचा इको लवकर होण्याची शक्यताही जास्त असते.

ईसीजीच्या कागदाची आजच झेरॉक्स काढा. तो कागद उष्णतेने छपाई होणारा असतो. आपल्या दमट हवेत, त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर ठेवला, की रेघा फिकट होत जातात आणि मोठ्या डॉक्टरांपुढे कोरी पट्टी जाते. चिठ्ठीचे, गोळ्यांच्या पाकिटांचे फोटोही मोबाइलमध्ये काढून ठेवा.

एवढं करूनही तारीख मिळाली नाही तर लेखी अर्ज. मोठ्या रुग्णालयाच्या प्रमुखांच्या नावे, म्हणजे जिल्हा रुग्णालय असेल तर जिल्हा शल्यचिकित्सक आणि उपजिल्हा रुग्णालय असेल तर वैद्यकीय अधीक्षक. अर्ज एका पानाचा पुरे. नाव, वय, चिठ्ठीची तारीख, वहीतला क्रमांक, वाढलेली लक्षणं आणि ‘इकोची तारीख मिळावी’ ही विनंती. दोन प्रती न्या, एकीवर आवक विभागाचा शिक्का आणि तारीख घ्या. पोच नसलेला अर्ज दिल्याचं सिद्ध करता येत नाही. तिथेच समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांनाही भेटा. गरीब रुग्णाला वाट दाखवणं हेच त्यांचं काम आहे.

दुसरी दारंही आहेत. मुंबईत केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांत केसपेपर काढून थेट दाखवता येतं. कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे. गावात आयुष्मान आरोग्य मंदिर झालेलं उपकेंद्र असेल तर तिथले समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांशी बोलणं करून देतात. त्याने इको होत नाही, पण मधल्या काळात औषध बदलायचं का, हे विचारता येतं. फुगा किंवा शस्त्रक्रिया ठरली तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधार दोन्हीवर जाऊबाईंचं नाव सारखंच आहे ना, ते आत्ता बघा. माहेरचं नाव एकीकडे आणि सासरचं दुसरीकडे म्हणून ऐन वेळी अडलेल्या बायका मी पाहिल्यात. योजनेत कुठलं रुग्णालय आहे ते १५५३८८ वर विचारा आणि तिथे पोचल्यावर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाला, गाठा. दाखल होण्याआधीच्या ओपीडीतल्या तपासण्यांचा खर्च मात्र योजनेतून होईलच असं धरून निघू नका.

तारीख मिळेपर्यंत घरी मीठ कमी करा. तेही फक्त आमटीतलं नाही. खारा बांगडा, सुकट, पेजेबरोबरचं लोणचं, पापड हे सगळं जाऊबाईंच्या ताटातून काढा. मीठ पाणी धरून ठेवतं आणि धाप वाढते. दिलेल्या गोळ्या ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद करू नका. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन सांगितलं असेल तर ते चुकवू नका, त्याने संधिवाताचा ताप पुन्हा उलटायचं टळतं. पाळी चुकली असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. अरुंद झडपेवर गरोदरपणाचा भार जिवावर बेततो. आणि फॅक्टरीतून काही दिवस रजा घ्यायला लावा. रोज बुडतो हे मला ठाऊक आहे. पण त्या घरी बसल्या तर घरात कुणी त्यांना बोलणार नाही एवढं तुम्ही बघा.

प्रश्न : आमच्या नातवाच्या अंगणवाडीत तपासणी झाली. ‘हृदयाला छिद्र असू शकतं’ म्हणून कागद दिला. पुढे कुणी आलं नाही. मुलगा खेळतो, खातो. थांबावं का?
– एक आजोबा

उत्तर : आजोबा, थांबू नका. खेळणाऱ्या मुलालाही छिद्र असू शकतं आणि काही छिद्रांच्या बाबतीत शस्त्रक्रियेची योग्य वेळ निघून जाते. तपासणी करणारं पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असणार. २०१३पासून तो जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी चालतो आणि हृदयशस्त्रक्रियेपर्यंतचे उपचार त्यात मोफत आहेत. पथक दिवसभर गाडीतून गावं फिरतं, त्यामुळे रुग्णालयात शोधून सापडत नाही. अंगणवाडी सेविकेकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पथकातल्या डॉक्टरांचा मोबाइल नंबर मिळेल. त्यांना मुलाचं नाव आणि तपासणीची तारीख सांगून विचारा, की इकोसाठी नाव पुढे पाठवलं का आणि कधी पाठवलं. दूध पिताना किंवा रडताना ओठ निळे पडत असतील, वजन वाढत नसेल, वारंवार छाती भरत असेल, तर त्यांची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : वडिलांना (वय ७६) कर्करोगासाठी परळला टाटा रुग्णालयात पाठवलंय. दर खेपेला तिघांचं भाडं परवडत नाही. सवलत मिळते का?
– एक वाचक

उत्तर : मिळते. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाताना स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. पहिल्या भेटीतच तो मागून घ्या आणि आरक्षण खिडकीवर जाऊन तिकीट काढा. एसटीने जाणार असाल तर पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२पासून प्रवास मोफत आहे आणि महिलांना मार्च २०२३पासून अर्धं तिकीट. वडिलांचं आधारकार्ड बरोबर असू द्या, वाहकाला वयाचा पुरावा दाखवावा लागतो. रेल्वेत तिसऱ्या माणसाला ही सवलत नाही, तेव्हा आईही सोबत जाणार असेल तर रेल्वेने जायचं की एसटीने, ते दोन्ही भाडी बघून ठरवा.