यकृताविषयी वाचकांचे पाच प्रश्न

प्रश्न : माझे वय ४२, वजन ८२ किलो. मद्याला कधी हात लावलेला नाही. कंपनीच्या वार्षिक तपासणीत सोनोग्राफीमध्ये ‘फॅटी लिव्हर, ग्रेड २’ आले. एसजीपीटी ६८, एसजीओटी ४६ आणि प्लेटलेट २ लाख १० हजार आहेत. औषधाच्या दुकानात एक लिव्हर टॉनिक सुचवले आहे. यकृत निकामी होऊ लागले आहे का? टॉनिक घ्यावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही, आपले यकृत निकामी झालेले नाही, पण त्याच्यावर भार पडतो आहे, हे खरे. आतड्यांत शोषले गेलेले बहुतेक अन्न थेट शरीरभर जात नाही, ते पोर्टल शिरेतून आधी यकृतात येते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त याच वाटेने येते. आलेल्या साखरेपैकी लागेल तेवढी यकृत रक्तात सोडते, सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेनच्या रूपात साठवते आणि कोठार भरले की उरलेल्या साखरेची चरबी करते. दिवसातून पाच वेळा साखरेचा चहा, त्याबरोबर बिस्किटे, उपवासाला साबुदाणा आणि दिवसभर बैठे काम, असा क्रम वर्षानुवर्षे चालला की ही चरबी पेशींमध्ये साचत जाते. त्यासाठी मद्याची गरज नसते.

ज्या चाचण्यांना आपण ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ म्हणतो, त्या नावानेच बराच घोटाळा केला आहे. एसजीपीटी हे पेशीच्या आत असणारे एन्झाइम आहे, एसजीओटीही तसेच; पेशीला इजा झाली की ते रक्तात झिरपते. म्हणजे तो आकडा इजेचा आहे, कामाचा नाही. काम कसे चालले आहे हे कळते अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनावरून, रक्त गोठण्याच्या आयएनआर या चाचणीवरून आणि बिलिरुबिन या पिवळ्या द्रव्यावरून, कारण अल्ब्युमिन व गोठण्याचे बहुतेक घटक यकृतच बनवते आणि बिलिरुबिन बाहेर टाकणेही त्याच्याच हाती असते. सोनोग्राफीतील ग्रेडसुद्धा चरबी किती दिसते एवढेच सांगते. खरा प्रश्न व्रणाचा, म्हणजे जखम भरल्यावर राहतो तशा वणाचा आहे. यकृतात तंतुमय व्रण पडू लागला आहे की नाही, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

त्याचा पहिला अंदाज आपल्याच आकड्यांतून निघतो. वयाला एसजीओटीने गुणावे; त्याला प्लेटलेट (हजारांत) आणि एसजीपीटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागावे. या आकड्याला फिब-४ म्हणतात. आपला आकडा सुमारे १.१ येतो. तो १.३ पेक्षा कमी असला तर मोठा व्रण असण्याची शक्यता बरीच कमी असते. मधुमेहाची तपासणी मात्र अवश्य करून घ्यावी, कारण मधुमेह असेल तर फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झाले आहे हे मोजणारी तपासणी) करून घेणे शहाणपणाचे ठरते.

टॉनिक घेऊ नये. त्याने चरबी जात नाही आणि आपण काहीतरी उपाय करत आहोत, या खोट्या समाधानात वर्षे जातात. रोजच्या काढ्यांबाबतही सावध राहावे. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा सातत्याने घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी नोंदवले होते. या विकारात वजन ७ ते १० टक्क्यांनी उतरले की सूज आणि काही प्रमाणात व्रणही मागे फिरतो. आपल्या बाबतीत हे ६ ते ८ किलो झाले. ते वर्षभरात, सावकाश उतरवावेत.

प्रश्न : वसतिगृहात राहणाऱ्या माझ्या मुलाला कावीळ झाली आहे, बिलिरुबिन ९ आहे. गावाकडे नेऊन गळ्यात माळ घातली. ती चार दिवसांत पोटापर्यंत आली, म्हणजे कावीळ उतरली असे सांगतात. घरात तेल, हळद, सगळे बंद केले आहे. डॉक्टरांनी फारसे औषध दिलेले नाही, याची काळजी वाटते. (एक आई, सातारा)

उत्तर : ताई, डॉक्टरांनी फारसे औषध दिले नाही, हे चांगल्या डॉक्टरांचे लक्षण आहे. कावीळ हा स्वतंत्र रोग नव्हे, ते लक्षण आहे. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्या मोडल्यावर निघणारे पिवळे द्रव्य, म्हणजे बिलिरुबिन, यकृत पाण्यात विरघळेल असे करून पित्तातून आतड्यात सोडते. यकृताला सूज आली की ते रक्तात मागे राहते, डोळ्यांत दिसते आणि लघवीतून गडद होऊन उतरते. वसतिगृहातील तरुणाला बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई होतो, आणि दोन्ही दूषित पाण्यातून व अन्नातून येतात. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेतून घेतलेल्या पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले, तेव्हा सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली होती. ती ई विषाणूची होती, हे पुढे कित्येक वर्षांनी कळले. हे दोन्ही आजार बहुतेक तरुणांत काही आठवड्यांत आपोआप बरे होतात, आणि माळेला यश मिळते ते याचमुळे.

ती माळ हातात घेऊन नीट पाहावी. ओल्या कांडीचे बोटभरही नसलेले तुकडे दोऱ्याच्या गाठींत आवळलेले असतात. कांड्या सुकतात, बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि प्रत्येक गाठीतून सुटलेला थोडा थोडा दोरा मिळून माळ लांबते. ती खुंटीला टांगून ठेवली तरी तेवढीच लांबेल. आपण माळ घातली यात आपला दोष नाही. आजारी लेकरासाठी आई जे सुचेल ते करते. फक्त माळेच्या भरवशावर तपासणी थांबवू नये. नाकात औषध पिळणे आणि अनोळखी झाडपाला पोटात देणे मात्र पूर्ण टाळावे.

हळद आणि कावीळ यांचा संबंध केवळ रंगाचा आहे. स्वयंपाकातली हळद चालते. पित्त कमी उतरत असल्यामुळे तेलकट खाल्ल्यावर मळमळते, म्हणून तळकट नको; पण भात, वरण, भाजी, पोळी, थोडे तूप, फळे हे सगळे द्यावे. पोटभर खाणारे मूल लवकर सावरते. रसवंतीचा उसाचा रस औषध समजून आणतात, परंतु ज्या पाण्यातून आजार आला तसल्याच पाण्याचा बर्फ त्यात असू शकतो.

दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. मुलगा दिवसा झोपाळू झाला, असंबद्ध बोलू लागला किंवा कुठूनही रक्त येऊ लागले तर त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात न्यावे. दुसरे, आयएनआर तपासून घ्यावा. एसजीपीटी झपाट्याने उतरला म्हणून घरचे आनंदतात. पण त्याच वेळी आयएनआर वाढत असेल, म्हणजे रक्त गोठायला जास्त वेळ लागत असेल, तर पेशी सावरत नसून संपत आहेत, असा त्याचा अर्थ होतो.

प्रश्न : वडिलांना मद्यामुळे सिरोसिस आहे, वजन ६० किलो. दोनदा पोटातले पाणी काढले. हल्ली ते रात्री जागे असतात, दिवसा झोपतात. सही बदलल्यामुळे बँकेने परवा धनादेश परत केला. प्रथिने वाईट म्हणून आम्ही डाळ, अंडी बंद केली आहेत. लॅक्टुलोजमुळे जुलाब होतात म्हणून तेही कमी केले. (एक वाचक, पुणे)

उत्तर : झोपेची वेळ उलटणे आणि सही बदलणे, या यकृताच्या बिघाडाचा मेंदूवर परिणाम होऊ लागल्याच्या दोन्ही खुणा आपण अचूक टिपल्या आहेत. वडिलांना दोन्ही हात पुढे ताठ करून, तळवे समोरच्याला थांबवल्यासारखे वर धरायला सांगा. तळवे मधूनमधून खाली पडून पुन्हा वर येत असतील तर तेही त्याच दुखण्याचे चिन्ह आहे. आतड्यात तयार होणारा अमोनिया यकृत युरियात बदलते. सिरोसिसमध्ये यकृतभर व्रणाचे पट्टे पडतात, पोर्टल शिरेतील दाब वाढतो, रक्त आडवाटेने यकृताला वळसा घालून जाते आणि न गाळलेला अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो. त्याच दाबामुळे पोटात पाणी साचते आणि अन्ननलिकेतील शिरा फुगतात.

लॅक्टुलोज हे या अवस्थेत केवळ पोट साफ करणारे औषध नसते. ते अमोनिया आतड्यातच अडकवून बाहेर काढते. दिवसाला दोन ते तीन मऊ शौच होतील एवढा डोस हवा. पाण्यासारखे जुलाब होत असतील तर डॉक्टरांना विचारून कमी करावे, बंद करू नये. एक दिवसाचा बद्धकोष्ठही अशा रुग्णाला गुंगीत नेऊ शकतो.

डाळ आणि अंडी आजपासून पुन्हा सुरू करा. प्रथिने तोडण्याचा सल्ला जुना आहे आणि त्याने रुग्णांचे फार नुकसान झाले आहे. यकृत थकले की अमोनियाचा काही भार स्नायू उचलतात. प्रथिने तोडली की स्नायू झिजतात आणि तो आधारही जातो. वडिलांना रोज ७० ते ९० ग्रॅम प्रथिने लागतात. वरण, मोडाची उसळ, दही, पनीर, अंडी यांतून ती दिवसभरात विभागून द्यावीत. झोपण्यापूर्वी दूध-पोहे किंवा दही-भात असे काहीतरी हमखास द्यावे, कारण सिरोसिसच्या रुग्णाच्या शरीरात एका रात्रीच्या उपाशीपणाने जेवढे स्नायू मोडतात, तेवढे निरोगी माणसात दोन-तीन दिवसांच्या उपवासाने मोडतात.

मीठ दिवसाला एक सपाट चमचा, म्हणजे ५ ग्रॅम. त्यात लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ धरले पाहिजे. सैंधवातही सोडियमच असते. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते आणि पाणी उतरवण्याच्या काही गोळ्यांबरोबर ते धोक्याचे ठरते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या घरात ठेवूच नयेत. ताप, पोटदुखी, काळे शौच किंवा रक्ताची उलटी झाल्यास सकाळची वाट पाहू नये. अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा पाहण्यासाठी एंडोस्कोपी (दुर्बिणीची तपासणी) झाली नसेल तर करून घ्यावी आणि यकृताच्या कर्करोगासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. मद्य पूर्ण थांबवले तर या टप्प्यावरही आयुष्य वाढते.

प्रश्न : रक्तदानानंतर मला हिपॅटायटिस बी असल्याचे कळवले. पत्नी गरोदर आहे. घरात ताट-वाटी वेगळी ठेवावी का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : अजिबात नाही. हा विषाणू जेवणातून, पाण्यातून किंवा मिठीतून पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातो. रेझर, टूथब्रश आणि नेलकटर मात्र वेगळे असावेत. पत्नीची तपासणी याच आठवड्यात करावी. तिला संसर्ग नसेल आणि लसही झालेली नसेल तर लस द्यावी. बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत पहिला डोस मिळालाच पाहिजे, आणि पत्नीला संसर्ग आढळला तर पहिल्या १२ तासांत लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही, द्यावे लागते. आपल्याला लगेच औषध लागेलच असे नाही. ते विषाणूचे प्रमाण आणि यकृताची स्थिती पाहून ठरते. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांत ही तपासणी व औषधे मोफत मिळतात.

प्रश्न : वडिलांना यकृताचा भाग द्यायची माझी तयारी आहे, वय ३१. घरचे घाबरतात. माझे यकृत परत वाढेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : वाढेल. उजवा भाग, म्हणजे साधारण ६० टक्के यकृत काढल्यावर उरलेला भाग पहिल्या काही आठवड्यांतच वेगाने वाढतो आणि दोन-तीन महिन्यांत जवळजवळ पूर्वीच्या आकारमानाला येतो. तरीही ही मोठी शस्त्रक्रिया आहे. दात्याचा मृत्यू दुर्मीळ असला तरी घडतो, साधारण २०० ते ५०० दात्यांमागे एक, आणि हे घरच्यांपासून लपवू नये. रक्तगट, यकृताची रचना आणि त्यातील चरबी तपासल्याशिवाय काहीच ठरत नाही. चरबी जास्त निघाली तर आधी वजन उतरवावे लागते. तपासणीच्या वेळी दात्याशी डॉक्टर एकट्याने बोलतात. तेव्हा मनात शंका असेल तर स्पष्ट सांगावी. आपण नकार दिलात तर चांगले डॉक्टर घरच्यांना ‘दाता वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही’ एवढेच कळवतात, कारण विचारले तरी सांगत नाहीत.