सामुराईंचे गाव, कोकणातले टेबल

प्रश्न : सामुराई काळातील लढाया मी २८ मिलिमीटर उंचीच्या सैनिकांच्या छोट्या मूर्तींसह टेबलावर खेळतो. घरे, शेते, तटबंदी यांच्या प्रतिकृतींचा संग्रह कशापासून सुरू करावा आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात तो टिकेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : किल्ल्याचा मोह तूर्त आवरावा. जपानमधील हिमेजी किल्ल्याचा आजचा मुख्य मनोरा १६०९ चा आहे. त्याआधीच्या चकमकींना मातीचे बंधारे आणि लाकडी कुंपणेच अधिक शोभतात. आधी सनबोर्डवर (फोमच्या हलक्या पत्र्यावर) भातखाचरे करावीत, कारण बांधांमुळे सैन्याच्या हालचालींना खरी अडचण येते आणि खेळ रंगतो. घराचे माप चटईवरून धरावे : तातामी ही जपानी चटई साधारण १८० बाय ९० सेंटिमीटरची, म्हणजे तुमच्या सैनिकांना जुळणाऱ्या १:५६ प्रमाणात ३२ बाय १६ मिलिमीटर, त्यामुळे सहा चटयांची खोली ६४ बाय ४८ मिलिमीटरची होते. गवती छपरासाठी आपला काथ्या उत्तम. तो विंचरून, सारख्या लांबीच्या जुड्या करून, वळचणीकडून आढ्याकडे थरावर थर चिकटवावा आणि सुकल्यावरच कडा कातराव्यात.

दमट हवेत पुठ्ठा वाकतो आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) कडांनी फुगतो, म्हणून दोन्ही बाजू व कडा व्हार्निशने बंद कराव्यात. पावसाळ्यात फवाऱ्याचे व्हार्निश पांढरट पडते. तेव्हा ब्रशच वापरावा.