कीवर्ड शोधायचे कसे?

प्रश्न : माझा रेसिपींचा मराठी ब्लॉग आहे, ८ महिने झाले, पण गूगलवरून कोणी येतच नाही. कीवर्ड रिसर्चसाठी, म्हणजे लोक गूगलवर कुठले शब्द टाकून शोधतात ते बघायला, पेड टूल घेऊ का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आत्ता पैसे घालू नका. आधी गूगलमध्ये ‘उपवासाचे’ एवढंच टाइप करून थांबा, खाली जे सजेशन येतात ना ते लोकांनी खरंच शोधलेलं असतं, आणि हेच ‘upvasache’ असं इंग्रजी अक्षरांत पण टाकून बघा कारण आपली बरीच मंडळी तसंच टाइप करतात. नुसत्या ‘पुरणपोळी’वर मोठ्या साइट्स बसल्यात, तिथे नका जाऊ. ‘पुरणपोळी फाटू नये म्हणून काय करावं’ असं लांब वाक्य घ्या, शोधणारे कमी पण नेमके तेच हवे असलेले.

कीवर्ड प्लॅनर हे गूगलचं जाहिरातदारांसाठीचं टूल फुकट आहे, पण त्यातलं ‘कॉम्पिटिशन’ जाहिरातदारांमधलं असतं, रँकिंगचं (म्हणजे शोधात वर दिसण्याचं) नाही, इथे खूप जण फसतात. सर्च कन्सोल हे गूगलचंच फुकट टूल मात्र ब्लॉगला आजच जोडा, तुमचा ब्लॉग कुठल्या शब्दांवर दिसतोय ते तिथेच कळतं. आणि श्रावणातले पदार्थ श्रावणात नाही, दोनेक महिने आधी टाका, गूगलला वेळ लागतो हो.