पाहुणा वस्तीला कसा थांबेल?

डिसेंबरच्या सहलींचे बेत घरोघरी चालू आहेत. म्हणून या अंकात वाळवंटातल्या छोट्या गावांविषयीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. शेवटचा प्रश्न शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरचा आहे, पण पाहुणा येतो आणि मुक्कामाला थांबत नाही हे दुखणे तेच असल्याने तोही इथेच घेतला.

प्रश्न : दरवर्षी डिसेंबरात चाळीस जणांची राजस्थान सहल नेतो. जोधपूरहून जैसलमेरला जाताना फलोदी लागते. तिथले लोक म्हणतात, 'एक रात्र आमच्याकडे काढा.' आमची मंडळी विचारतात, तिथे आहे काय? थांबावे का?
– एक सहल संयोजक, राजारामपुरी

थांबा, पण दिवस मावळायला पोहोचून पहाट तिथे काढणार असाल तरच. भर दुपारी उतरलात तर तुमची मंडळी म्हणतात ते खरे ठरेल.

फलोदी जोधपूरपासून सुमारे 140 किलोमीटरवर आहे आणि जैसलमेर तिथून पुढे साधारण तेवढेच, थोडे जास्तच. त्यामुळे गाडी नेमकी चहाच्या वेळेला तिथे येते. चहा होतो, पाय मोकळे होतात, गाडी सुटते. गावाच्या पदरात पडतात चाळीस चहांचे पैसे. भरीत भर म्हणजे 19 मे 2016 रोजी तिथे 51 अंश तापमान नोंदले गेले आणि गावाचे नाव देशभर झाले ते उन्हाच्या तडाख्यासाठी. हिवाळ्यात तिथली हवा किती सुरेख असते, हे सांगायचे मात्र राहून जाते.

फलोदीपासून पाच-सहा किलोमीटरवर खीचन आहे. सप्टेंबर ते मार्च या काळात मध्य आशिया आणि मंगोलियाकडून क्रौंच जातीचे पक्षी तिथे हजारोंनी उतरतात. तिकडे त्यांना कुरजां म्हणतात. गावकरी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या दाणे घालत आले आहेत आणि त्यासाठी कुंपण घातलेले वेगळे आवार आहे, त्याला चुग्गाघर म्हणतात. 2025 मध्ये खीचनचा रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, समावेश झाला. एवढे असूनही मुक्कामाला माणूस कमीच, कारण बहुतेक गाड्या दहा वाजता पोहोचतात आणि तोवर दाणे संपलेले असतात.

वेळेचे गणित असे. डिसेंबरात तिथे सूर्योदय सव्वासातच्या पुढे होतो. साडेसहाला तुम्ही जागेवर असायला हवे. जोधपूरहून त्या वेळेला पोहोचायचे तर साडेतीनला निघावे लागेल, आणि साठीच्या मंडळींना ते झेपणार नाही. म्हणून फलोदीत मुक्काम. पक्षी थेट आवारात उतरत नाहीत. आधी बाहेरच्या मोकळ्या जागेत जमतात, माना उंच करून अंदाज घेतात, मग एकेक थवा आत येतो. शेजारच्या घरांच्या गच्चीवरून हे अगदी जवळून दिसते. एका गच्चीवर चाळीस माणसे मावणार नाहीत, तेव्हा तीन घरे आधी ठरवा आणि माणशी पैसे घरमालकाच्या हातात द्या. लाल-पिवळे कपडे नकोत, फ्लॅश बंद, ड्रोन अजिबात नको. एकदा थवा बिचकून उठला की लवकर परतत नाही, शिवाय घाबरून उठलेले पक्षी विजेच्या तारांवर आदळतात. दाणे खाऊन पक्षी गावाच्या तळ्यांकडे जातात. नाश्ता उरकून तिथे गेलात की दुसऱ्यांदा दर्शन होते.

हॉटेल ठरवताना खोल्या मोजता तसे गिझरही मोजा. तिथली थंडी बोचरी असते. चाळीस जणांना एकाच वेळी गरम पाणी लागते आणि छोट्या गावातल्या मुक्कामाचा विचका बहुतेक वेळा इथेच होतो. उलट निम्म्या लोकांनी आदल्या रात्री आंघोळ केली तर सगळे सोपे होते. आपल्याकडून जाताना मिरजेहून पुणेमार्गे जोधपूरकडे जाणारी रेल्वे आहे. ती रोज नसते, म्हणून आधी गाडीचे वार बघा आणि मग मुक्काम ठरवा.

प्रश्न : दिवाळीच्या सुटीत कच्छचे पांढरे रण बघायला जावे का?
– वाचक, शाहूपुरी

दिवाळी लवकर असेल तर नको. पावसाळ्यात रणात पाणी भरते, ते आटून मिठाचा थर धरायला वेळ लागतो. घाई केलीत तर वरून पांढरे दिसते, पाय टाकला की पातळ पापुद्रा फुटतो आणि खाली चिखल लागतो. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा काळ खात्रीचा. पौर्णिमेच्या आसपास तंबूंचे दर चढतात, पण एक-दोन दिवस अलीकडे-पलीकडे गेलात तरी चांदणे भरपूर मिळते. भुजहून रणाच्या काठचे धोरडो गाव सुमारे 80 किलोमीटर आहे. सीमाभाग असल्याने प्रवेशाचा परवाना लागतो, तेव्हा प्रत्येकाचे ओळखपत्र हाताशी ठेवा. परतल्यावर चपला-बूट गोड्या पाण्याने धुवा. मीठ शिलाई खाते, कोल्हापुरी चप्पल तर तिथे घालूच नका.

प्रश्न : जैसलमेरच्या किल्ल्यातल्या हॉटेलात राहायचे ठरवले आहे. मुलगी म्हणते, त्याने किल्ल्याचे नुकसान होते. खरे आहे का?
– वाचक, इचलकरंजी

मुलीचे म्हणणे बरोबर आहे. हा किल्ला 1156 चा, आणि आजही त्यात माणसे राहतात. तिथे पूर्वी पाणी डोक्यावरून यायचे, त्यामुळे ते जपून वापरले जायचे. नळ आले, मग हॉटेलांची न्हाणीघरे आली. इतके सांडपाणी वाहून न्यायची सोय मुळात नव्हती. ते खाली मुरले आणि वालुकाश्म व मातीच्या थरांची टेकडी भिजून हलू लागली. बुरूज ढासळण्याचे प्रकार त्यातूनच घडले. तुम्ही खालच्या शहरात राहा. किल्ल्यात सकाळी चढा, जेवण आणि खरेदी आतल्या लोकांकडेच करा. त्यांना पैसा मिळतो आणि तुमच्या आंघोळीचे पाणी टेकडीत मुरत नाही.

प्रश्न : आमच्या खिद्रापुरात कोपेश्वराचे मंदिर बघायला लोक येतात, तासाभरात फोटो काढून परत जातात. तिकडे ओसाड वाळवंटात लोक पैसे मोजून राहतात, आमच्या कृष्णाकाठी का राहत नाहीत? घरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायचा विचार आहे.
– एक शेतकरी कुटुंब, ता. शिरोळ

विचार चांगला आहे, नेटाने करा. वाळवंटातली जी गावे सावरली, ती दिवसाच्या जोरावर नाही. धोरडोला लोक चांदण्यासाठी थांबतात, खीचनला पहाटेसाठी. लडाखच्या थंड वाळवंटातले हानले तर काळोखावर उभे राहिले. तिथला परिसर 2022 मध्ये डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा काळोख जपायचा राखीव भाग, म्हणून जाहीर झाला. गावातल्या तरुणांना तारे दाखवायचे शिक्षण देऊन दुर्बिणी दिल्या आणि गावाने दिव्यांचा उजेड खाली वळवला. दिवसा बघून होते ते बघायला कुणी रात्र काढत नाही.

तुमच्याकडे संध्याकाळ आणि पहाट दोन्ही आहेत, पण ती पाहुण्याला कुणी दाखवत नाही. संरक्षित स्मारक असल्याने मंदिराची उघडण्याची वेळ ठरलेली असते, ती आधी विचारून घ्या आणि उघडल्या उघडल्या पाहुण्याला आत न्या. स्वर्गमंडपाच्या उघड्या छतातून कोवळा उजेड खांबांवर उतरताना जो बघेल, तो अकराच्या गर्दीत परत येणार नाही. पाहुणा येईल त्या संध्याकाळी त्याला नृसिंहवाडीच्या पालखीला पाठवा. जेवायला भाकरी, कृष्णाकाठचे भरले वांगे, खर्डा, दही. पनीरच्या नादी लागू नका, ते त्याला शहरात रोज मिळते.

उसाच्या हंगामात जवळ गुऱ्हाळ चालू असेल तर तेही जोडा. एक आदण, म्हणजे काहिलीभर रसाचा गूळ, उतरायला अडीच-तीन तास लागतात. रस काहिलीत पडताना नेण्यापेक्षा शेवटच्या पाऊण तासाला न्या. मळी काढून झालेली असते, पाक घट्ट होऊन बुडबुडे जड होतात आणि गुळव्या थेंब पाण्यात टाकून गोळी बघतो. ती गोळी पाहुण्याच्या बोटावर ठेवायला सांगा. मुले काहिलीपासून चार हात लांब राहिली पाहिजेत, हे मात्र स्वतः उभे राहून बघा.

आता खोल्यांचे. घर मंदिराजवळ असेल तर सावध. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या 200 मीटरला परवानगी लागते. दुरुस्तीलाही आधी विचारा. नवे बांधू नका, आहे ते नीट करा. खर्चाचा क्रम असा लावा : पहिला संडास-न्हाणीघर आणि बारमाही पाणी, दुसरी गादी, तिसरी खिडक्यांना डासांची जाळी. रंगरंगोटी सगळ्यात शेवटी. खोलीला चादरींचे तीन जोड लागतात, एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. दोन जोडांवर भागवायला गेलात की पावसाळी हवेत ओली चादर पाहुण्याला जाते.

जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी घ्या. परदेशी पाहुणा आला तर 24 तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. शेती तुमची असल्याने राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी होते का, हे पर्यटन संचालनालयाच्या कार्यालयात विचारा.

पहिल्या वर्षी ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी एवढेच महिने घ्या आणि शनिवार-रविवारपुरतेच घ्या. जुलै-ऑगस्टचे आगाऊ पैसे घेऊ नका. 2019 आणि 2021 चा पूर तुम्ही पाहिलेला आहे, रस्ता बंद झाला की पैसे परत करताना दमछाक होते. मोबाइलच्या नकाशावर घराची खूण स्वतः जागेवर उभे राहून टाका, नाहीतर गाडी नदीच्या पलीकडच्या काठाला जाऊन थांबते. आणि पहिले दहा पाहुणे निघताना एकच गोष्ट विचारा : रात्री झोप लागली का? नाही म्हणाले तर कारण विचारून त्याच आठवड्यात ते दुरुस्त करा.