पंपाची सवय लागते का? आणि ऐकायचं कोणाचं?

प्रश्न: मुलगा 7 वर्षांचा आहे, आम्ही चोपड्याकडच्या खेड्यात राहतो. रात्री खोकतो, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. जळगावच्या बालरोगतज्ज्ञांनी दमा सांगून रोजचा पंप दिलाय, गावातले डॉक्टर खोकला वाढला की सिरप देतात, सासूबाई म्हणतात पंपाची सवय लागेल, केळी बंद कर. शाळेत अजून काही सांगितलेलं नाही. कोणाचं ऐकू?

उत्तर: ताई, सवय अजिबात लागत नाही. रोजच्या पंपात स्टिरॉइड असतं पण ते मायक्रोग्रॅममध्ये, थेट श्वासनळीत जातं आणि तिथली सूज कमी करतं. खोकला थांबला तरी ही सूज आत राहते, म्हणूनच बरं वाटलं की पंप बंद करायचा अन् महिन्याभरात पुन्हा दवाखाना, हे चक्र घरोघरी चालू असतं. दुसरा पंप, बहुतेक निळा, सालब्युटामॉलचा (श्वासनळी लगेच मोकळी करणारं औषध), तो फक्त धाप लागली किंवा खोकला वाढला की द्यायचा. दोन्ही पंप स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी, लावूनच द्या. एक पफ, म्हणजे पंप एकदा दाबायचा, 5-6 सावकाश श्वास, मग पंप हलवून दुसरा पफ. रोजच्या पंपानंतर चूळ भरायला लावा.

केळीची ॲलर्जी नसेल तर केळी खाऊ द्या, केळीच्या पट्ट्यातल्या पोराला केळी बंद करणं मला खरंच पटत नाही. त्यापेक्षा घरात बघा. विकायचा कापूस ज्या खोलीत भरून ठेवता तिथेच तो झोपतो का? चुलीचा धूर, मच्छर कॉइल, घरातल्या कोणाची बिडी, त्रास यांचा होतो.

आता ऐकायचं कोणाचं, तर सगळ्यांनी मिळून एका कागदाचं. बालरोगतज्ज्ञांकडून मराठीत लिहून घ्या की रोज काय द्यायचं, खोकला वाढला तर निळा पंप किती पफ, आणि कधी पळायचं. त्याचा फोटो गावातल्या डॉक्टरांना, वर्गशिक्षकांना आणि सुट्टीत तो जातो त्या मामाच्या घरी पाठवा, दप्तरात निळा पंप अन् स्पेसर ठेवा, आणि खेळाचा तास बंद करू नका. सासूबाईंना पुढच्या वेळी सोबत न्या, त्यांच्या शंका त्यांनाच विचारू द्या, कारण तुम्ही शेतात असताना पोरगं त्यांच्याजवळच असतं.

बोलताना वाक्य पूर्ण होत नाही, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळे पडलेत किंवा निळ्या पंपानेही आराम नाही, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही. 108 ला फोन करा, जळगावचा हट्ट नको, जवळचं सरकारी रुग्णालय आधी गाठा, आणि वाटेत कागदावर लिहिल्याप्रमाणे निळा पंप देत राहा.

आणि हो, दर तपासणीला पंप अन् स्पेसर बरोबर न्या, डॉक्टरांसमोर त्याला घ्यायला लावा. औषध बरोबर असतं पण घ्यायची पद्धत चुकते, असं फार मुलांचं होतं.