'नेइरो'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आला आहे: 'हिबि नो नेइरो' या जपानी म्युझिक व्हिडिओच्या नावाचं इंग्रजी 'टोन ऑफ एव्हरीडे' असं केलेलं दिसतं. मग 'नेइरो' म्हणजे टोन का? इंग्रजी 'टिंबर' (timbre), म्हणजे एकच स्वर असूनही दोन आवाज वेगळे ओळखू येतात तो गुण, तो हाच का? आणि मराठीत त्याला 'ध्वनिरंग' म्हटलं तर चालेल का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं थोडक्यात देता येतात. 'नेइरो' म्हणजे टिंबरच. इंग्रजीत 'टोन' हा शब्द फार सैल वापरला जातो, त्यामुळे भाषांतर चुकलं असं म्हणता येणार नाही, पण अर्थ पुसट झाला आहे हे खरं. तिसऱ्या प्रश्नात मात्र मला खरा रस आहे.

'नेइरो' जपानीत चिनी लिपीतून आलेल्या दोन चिन्हांनी लिहितात; अशा चिन्हाची जपानी आणि चिनी वळणाची वेगवेगळी वाचनं असतात. पहिलं आवाजाचं, दुसरं रंगाचं. हीच दोन चिन्हं चिनी वळणाने वाचली तर 'ओनशोकु' होतं. आवाजाच्या चिन्हाची तीन वाचनं नेहमी भेटतात. 'ओतो' म्हणजे कुठलाही आवाज. 'ओन' जोडशब्दांत येतं, उदाहरणार्थ 'ओन्गाकु' म्हणजे संगीत. आणि 'ने' म्हणजे कानाला गोड लागणारा नाद, रातकिड्यांचा, घंटेचा. हात्सुने मिकू या संगणकीय गायिकेच्या नावातला 'ने' हाच: हात्सु म्हणजे पहिला, ने म्हणजे नाद, मिकू म्हणजे भविष्य. तोशिओ इवाई यांनी यामाहासाठी घडवलेल्या 'तेनोरि-ओन' (२००७) या इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या नावात तेच चिन्ह 'ओन' होऊन येतं. सोळा गुणिले सोळा दिव्यांची ही पाटी हातात धरून वाजवायची, म्हणून तळहातावर बसलेला आवाज.

नेइरो म्हणजे नेमकं काय, हे मला एका खेळण्यामुळे बोटांना कळलं. मेइवा देन्की या कलावंत मंडळींनी २००९ साली आणलेलं 'ओतामातोन'. 'ओतामाजाकुशी' म्हणजे पळी. आकार तसाच म्हणून बेडकाचं पिल्लूही, आणि बोलीत स्वरलिपीतली खूणसुद्धा. या खेळण्याला एक लांब दांडी आणि खाली गोल चेहरा असतो. दांडीवरच्या पट्टीवर बोट सरकवलं की स्वर वरखाली होतो. आता बोट एका जागी घट्ट ठेवा आणि दुसऱ्या हाताने गाल दाबा. तोंड उघडतं आणि 'ऊ'चा 'वाँ' होतो. स्वर तोच, जोरही साधारण तोच, पण आवाज बदलला. जे बदललं ते नेइरो.

आपल्या संगीतशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत याला शब्द आहेच. नादाचे तीन धर्म सांगितले जातात: उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि तिसरा 'जाती' किंवा 'गुण'. सतारीचा सा आणि बासरीचा सा डोळे मिटून वेगळे ओळखता येतात ते या तिसऱ्या धर्मामुळे. शास्त्रीय लेखनात 'नादजाती' किंवा 'नादगुण' बिनधास्त वापरावा. पण 'या गाण्यातल्या सिंथची नादजाती काय सुरेख आहे' असं आपण कुणी बोलत नाही.

मग 'ध्वनिरंग' का नको? परदेशात हा विचार नवा नाही. जर्मनमध्ये टिंबरला 'क्लांगफार्बे' म्हणतात, म्हणजे शब्दशः नादाचा रंगच. अडचण मराठीची आहे. आपल्या संगीतात रंगाने आधीच दुसऱ्या जागा धरल्या आहेत. गाणं रंगतं, मैफलीला रंग चढतो. तिथे रंग म्हणजे रंजकता. 'राग' हा शब्दसुद्धा रंगवणे या अर्थाच्या 'रञ्ज्' धातूचाच. आणि गायकाला 'तुमचा रंग कोणता?' असं विचारलंत तर तो 'काळी चार' किंवा 'पांढरी दोन' असं सांगून मोकळा होईल. पेटीच्या पट्ट्यांमुळे आपल्याकडे काळा-पांढरा हा उंचीचा हिशेब झाला आहे, पोताचा नाही.

जपानीत तसं नाही. तिथे चाहत्यांच्या किंवा मुलांच्या उंच किंकाळ्यांना 'किइरोइ कोए' म्हणतात, पिवळा आवाज! मराठीत पिवळा आवाज ऐकू येत नाही; आपण त्याला चिरका म्हणतो. आणि मग पाहा, आपली आवाजाची विशेषणं कुठून येतात ते: जाड, पातळ, भरडा, मऊ, खरखरीत, कोरडा, टोकदार. बहुतेक सगळी हाताला लागणारी. म्हणूनच 'आवाजाचा पोत' हा शब्द मराठीत इतका सहज बसला आहे. कापडाचा पोत, जमिनीचा पोत, तसा गळ्याचा पोत. माझं मत याच शब्दाला आहे.

मिकूचंच एक उदाहरण घेऊ. क्रिप्टन फ्यूचर मीडिया या साप्पोरोच्या कंपनीने तिला ऑगस्ट २००७ मध्ये यामाहाच्या व्होकॅलॉइड तंत्रावर आणलं. साकी फुजिता या आवाज-अभिनेत्रीकडून ध्वनींचे तुकडे म्हणवून घेऊन, ते जोडून गाणं तयार होतं. २०१० मध्ये त्याच आवाजाचे आणखी सहा प्रकार आले. नावं अशी: सॉफ्ट, स्वीट, डार्क, व्हिविड, सॉलिड, लाइट. एकही नाव कानाचं नाही. कुठे स्पर्श, कुठे चव, कुठे उजेड-अंधार. आवाजाच्या या गुणाला स्वतःची अशी विशेषणं फार थोडी. तो इतर इंद्रियांकडून उसनी घेतो. जपानी 'नेइरो'ने डोळ्यांकडून घेतलं, मराठी 'पोता'ने हाताकडून. मराठीत मिकूच्या या सहांना 'सहा रंगांचे आवाज' म्हणण्यापेक्षा 'एकाच गळ्याचे सहा पोत' म्हटलं तर गाणारा माणूस लगेच समजेल.

एक विषयांतर, पण मला ते टाळवत नाही. आपल्याकडे पोताच्या एका खास प्रकाराला स्वतंत्र शब्द आहे: जवारी. तंबोऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग असा घासतात की तार तिला निसटती शिवत राहते. मग तारेखालचा सुती दोरा केसभर पुढेमागे सरकवायचा. एका जागी तार मुकी असते आणि पुढच्याच क्षणी भुंग्यासारखी बोलू लागते. शामिसेन या जपानी तंतुवाद्यात सर्वांत जाड तार वरच्या बाजूला दांडीला अशीच हलकी घासते आणि गुणगुणते. त्या गुणगुणीचं नाव 'सावारी'. जवारी-सावारी ऐकून नातं जोडायचा मोह होतो, पण तो आवरावा. 'सावारी' हा 'सावारु', म्हणजे स्पर्श करणे, या जपानी क्रियापदाचा शब्द आहे. आवाजाला रंग म्हणणाऱ्या भाषेनेही इथे स्पर्शाचाच आधार घेतला, याचा मला फार आनंद वाटतो.

आता तुमच्या व्हिडिओकडे. सावर या बँडचं हे गाणं २००९ चं. मासाशी कावामुरा आणि सहकाऱ्यांनी ते जगभरातल्या चाहत्यांकडून आपापल्या घरी वेबकॅमसमोर चित्रित करून घेतलं. एका चौकटीत सुरू झालेली हालचाल शेजारच्या चौकटीत पुरी होते. प्रत्येक खोलीचा उजेड वेगळा, भिंत वेगळी, आणि सगळं मिळून एक गोधडी. 'हिबि' म्हणजे दिवस हा शब्द दोनदा, आपल्या 'दिवसेंदिवस'सारखा, पण अर्थ 'रोजचे दिवस'. म्हणून मी या नावाचं मराठी 'रोजच्या दिवसांचा पोत' असं करेन. रंग गेला याची थोडी हळहळ आहे, पण त्या चौकटी पाहताना शिवण बोटांना लागते, आणि ती 'टोन'मध्ये अजिबात येत नाही.