इंदूरला 35व्या आठवड्यातच अचानक बाळंत झाले. पहिलटकरीण आहे, बाळ दोन किलोचं. घरी आणल्यावर काय सांभाळू?

आधी हे ऐका, तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. पाणमोट लवकर का फुटली याचं कारण पुष्कळदा डॉक्टरांनाही सापडत नाही. जिना चढलीस, पपई खाल्लीस म्हणून कोणी बोलत असेल तर मनाला लावून घेऊ नका.

37 आठवड्यांआधीच्या बाळाला दूध ओढणं आणि ऊब टिकवणं जड जातं. माझ्या भाचीची लेक अशीच ऐन डिसेंबरात आली. दोन घोट घेतले की डोळे मिटायची. दुपटं सोडून तळपाय चोळले की पुन्हा ओढू लागायची. बाळ रडायची वाट बघू नका, दर दोन-तीन तासांनी उठवून पाजा, रात्रीसुद्धा. ओढतच नसेल तर दूध काढून वाटी-चमच्याने द्या. मध, घुटी, पाणी अजिबात नको, आजेसासूबाईंनी कितीही आग्रह केला तरी.

खोलीत शेगडी, धुरी नको. लंगोट, टोपडं, मोजे एवढंच घालून बाळाला तुमच्या उघड्या छातीशी उभं धरा, वरून शाल. दिवसाचे जितके तास जमतील तितके. तुम्ही दमलात की बाबांनी धरावं, चालतं. मालिश-अंघोळ डॉक्टरांना विचारूनच.

तळवे पिवळे दिसले, दूध सोडलं, श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त झाला, अंग गार पडलं किंवा तापलं, तर सकाळची वाट न बघता 108 लावा. नेताना बाळ छातीशीच असू द्या.